रेनेसाँ चित्रातली झोप आणि स्वप्न कसं वाचायचं: अर्थ सगळ्यात शेवटी

चित्रात बंद डोळे दिसले की आपण पटकन ‘स्वप्न’ म्हणून मोकळे होतो. मग चित्रातल्या इतर सगळ्या गोष्टी त्या स्वप्नात ढकलतो आणि शेवटी स्वप्नांत दडपलेलं मन शोधणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडला बोलावतो. रसग्रहणाच्या निबंधांत आणि इटलीच्या सहलीहून आल्यावर लिहिलेल्या टिपणांत हे सतत दिसतं. चूक बुद्धीची नसते, क्रमाची असते. अर्थ आधी ठरतो आणि बघणं त्याच्यामागून फरफटत जातं.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करायचे आहेत. एका चित्राला निदान अर्धा तास द्या. उदाहरणं मुख्यतः १४५० ते १५७० या काळातली आहेत, बहुतेक इटलीतली आणि थोडी उत्तरेकडची.

## तयारी

मोठी प्रतिमा मिळवा. मोबाइलवर फिरणारी लहान, गडद प्रत चालणार नाही. बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चित्र मोठं करून बघता येतं. पापण्या, बोटं, जखमा, उशीवरची अक्षरं हे सगळं तिथेच दिसतं.

आकार आधी लिहून घ्या. लंडनच्या नॅशनल गॅलरीत राफाएलचं एक चित्र आहे. साधारण १५०४ चं, झोपलेल्या सरदाराचं. ते जेमतेम १७ सेंटिमीटर चौरस आहे. उलट कार्पाच्चोचं संत उर्सुलाच्या स्वप्नाचं चित्र (१४९५, व्हेनिसची अकादेमिया) पावणेतीन मीटरच्या घरात जातं. स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. पहिलं हातात धरून एकट्याने बघायचं आहे, दुसरं एका धार्मिक मंडळाच्या सभागृहाच्या भिंतीसाठी केलेलं आहे. हे ठाऊक नसेल तर ‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’ यांची गल्लत होते.

मूळ जागा शोधा. भित्तिचित्र असेल तर ते कोणत्या भिंतीवर, खिडकीच्या कोणत्या बाजूला आणि कोणत्या प्रसंगाच्या आधी आहे, याची नोंद करा.

चित्राचं काय गेलं आणि काय बदललं ते बघा. ड्रेस्डेनमधल्या जोर्जोनेच्या झोपलेल्या व्हीनसच्या पायाशी एक क्यूपिड, म्हणजे छोटा प्रेमदेव, होता. तो खराब झाल्यामुळे १८४३ मध्ये रंगाखाली झाकून टाकला गेला. मिकिएल नावाच्या व्हेनिसच्या रसिकाने १५२५ मध्ये हे चित्र एका घरात पाहिलं होतं. त्याने क्यूपिडची नोंद केली आहे आणि निसर्गदृश्य तिश्यानने पूर्ण केल्याचंही लिहिलं आहे. म्हणजे ‘ही एकटी, निनावी स्त्री’ असं आज जे वाटतं, त्यातला एकटेपणा निम्मा तरी एकोणिसाव्या शतकातला आहे.

कथा वाचा, पण अर्थ वाचू नका. बायबलमधला किंवा संतचरित्रातला मूळ प्रसंग चार ओळींत माहीत हवा. लोकांनी केलेलं विश्लेषण मात्र सातव्या टप्प्यापर्यंत उघडू नका.

> सावध: शीर्षकावर विसंबू नका. त्या काळातल्या बहुतेक चित्रांना चित्रकाराने नाव दिलेलंच नसतं. एल ग्रेकोच्या एका चित्राला ‘दुसऱ्या फिलिपचं स्वप्न’ म्हणतात. त्यात राजा काळ्या कपड्यांत गुडघे टेकून प्रार्थना करतो आहे, झोपलेला कोणीही नाही. मार्कान्तोनिओ रायमोंदीच्या एका कोरीव मुद्राचित्राला ‘राफाएलचं स्वप्न’ हे नाव मागाहून चिकटलं. त्यात पाण्याकाठी झोपलेल्या दोन विवस्त्र स्त्रिया, सरपटणारे विचित्र प्राणी आणि पलीकडे जळणारं शहर आहे. राफाएल त्यात कुठेच नाही. शीर्षक कागदाने झाकून ठेवा.

## टप्पा १: झोपलाय की मेलाय, की नुसता पडलाय?

हा प्रश्न फार प्राथमिक वाटतो म्हणून वगळला जातो, आणि पुढचं सगळं तिथेच बिघडतं. अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातल्या महापरिनिर्वाणाला ‘झोपलेला बुद्ध’ म्हणणारे पर्यटक आपण ऐकलेले आहेत. इथेही तीच गत होते.

पिएरो दि कोसिमोच्या एका चित्रात (नॅशनल गॅलरी, लंडन, साधारण १४९५) एक तरुणी गवतावर कुशीवर पडली आहे. डोक्याशी एक वनदेव वाकला आहे, पायाशी कुत्रा बसला आहे. शांत दुपार वाटते. चित्र मोठं करा, गळ्यावरची जखम दिसेल. मग हात बघा. ही झोप नाही.

उलटी चूक खुद्द रेनेसाँच्या रोममध्ये झाली होती. पोप दुसऱ्या ज्युलियसने १५१२ मध्ये व्हॅटिकनच्या बेल्वेदेरे अंगणात एक प्राचीन संगमरवरी स्त्रीमूर्ती बसवली. दंडावर सापाच्या आकाराचं कडं होतं म्हणून लोक तिला मरणारी क्लिओपात्रा समजत. आज ती ग्रीक पुराणकथेतली झोपलेली आरिआदने मानली जाते. एका दागिन्यामुळे झोपेचं मरण झालं.

तपासायच्या गोष्टी, याच क्रमाने:

1. डोळे. ब्रॉइगलच्या ‘आळशांच्या स्वर्गा’त (१५६७, म्युनिक) तीन माणसं जेवून आडवी झाली आहेत. तिघंही झोपलेत असं लिहिलं जातं. पण त्यांतल्या एकाचे, कारकुनाचे, डोळे उघडे आहेत.
2. मान आणि जबडा. झोपेत जबडा सैल सुटतो, मान एका बाजूला कलते.
3. हात. डोक्यामागे वळवलेला हात ही प्राचीन शिल्पांतून आलेली झोपेची खूण आहे. जोर्जोनेच्या व्हीनसचा हात तसाच आहे. गालाखाली तळहात म्हणजे झोप असू शकते, पण विषण्णताही असू शकते. ड्यूररच्या १५१४ च्या ‘मेलान्कोलिया’मधली पंखवाली स्त्री गालाला मूठ टेकून बसली आहे आणि टक्क जागी आहे.
4. त्वचेचा रंग, जखम, रक्त.

पडताळा: चित्रातल्या दोन शारीरिक खुणा बोट ठेवून दाखवता येत असतील, तरच ‘झोप’ लिहा. नसतील तर ‘आडवी आकृती’ असंच लिहा आणि पुढे जा.

## टप्पा २: झोप कोणत्या जातीची?

मराठीत डुलकी वेगळी, वामकुक्षी वेगळी, साखरझोप वेगळी. चित्रकारही असाच भेद करतात. ढोबळमानाने पाच जाती पुरतात.

कष्टाची झोप. ब्रॉइगलच्या ‘कापणी’त (१५६५, न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन) झाडाखाली पाय फाकून पडलेला शेतकरी आहे. इथे स्वप्न शोधू नका. माणूस दमलाय, बास.

चुकीची झोप, म्हणजे जागं राहायला हवं होतं तेव्हा लागलेली. येशू पकडला जाण्याआधी गेथसेमनीच्या बागेत झोपी गेलेले त्याचे तीन शिष्य आणि येशूच्या कबरीवरचे पहारेकरी यात येतात.

दारूची किंवा वासनेची झोप. बेल्लिनीचा नोहा (बेझान्सों) दारूच्या धुंदीत उघडा पडला आहे. बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनस आणि मार्स’मधला (साधारण १४८५, लंडन) युद्धदेव असा ढाराढूर झोपलाय की वनदेवाचं पोर कानाशी शंख फुंकतंय तरी हलत नाही. त्याच्या डोक्याशी झाडाच्या बुंध्यात गांधीलमाश्याही आहेत. मार्सला स्वप्न पडतंय असं मी अनेकदा वाचलं आहे. चित्रात त्याचा काहीच पुरावा नाही. विनोद असा आहे की हत्यारं पोरांच्या हाती गेली आणि योद्ध्याला पत्ता नाही.

मरणाची चाहूल देणारी झोप. बेल्लिनीच्या कुरणातल्या मेरीच्या मांडीवर (साधारण १५००, लंडन) बाळ झोपलं आहे. आपल्याला अंगाई आठवते. पण तिचे हात प्रार्थनेत जुळलेत, मागच्या निष्पर्ण झाडावर काळा पक्षी बसलाय आणि बाळाचं सैल अंग तसंच पडलंय जसं पुढे क्रूसावरून उतरवलेलं शरीर तिच्या मांडीवर पडणार आहे. इथे ‘वात्सल्य’ हे उत्तर अर्धंच आहे.

दर्शनाची झोप. देव, देवदूत किंवा संदेश जिच्यात येतो ती. स्वप्नाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथूनच सुरू होतो.

> सावध: पहिल्या चार जातींत स्वप्न नसण्याचीच शक्यता जास्त. ‘स्वप्न असेलच’ असं धरून चालू नका. पुरावा द्यायची जबाबदारी स्वप्न म्हणणाऱ्यावर आहे.

## टप्पा ३: जागं कोण आहे?

हा टप्पा सगळ्यात कमी वेळ घेतो आणि सगळ्यात जास्त देतो. झोपलेल्यावरून नजर काढा आणि जाग्या माणसांची यादी करा. प्रत्येक जण कुठे बघतोय, तेही लिहा.

अरेत्झोच्या सान फ्रान्चेस्को चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रान्चेस्काने पवित्र क्रूसाच्या कथेची भित्तिचित्रं केली. त्यात रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनच्या स्वप्नाचा प्रसंग आहे. सम्राट तंबूत झोपला आहे. दोन पहारेकरी उभे आहेत. पलंगापाशी एक सेवक हातावर डोकं टेकून बसलाय. वर डावीकडून देवदूत सूर मारून येतोय. आता नजरा बघा: पहारेकऱ्यांपैकी एकही वर बघत नाही आणि सेवक थेट आपल्याकडे बघतो. तंबूवर, चिलखतावर एवढा लख्ख उजेड पडलाय आणि जाग्या माणसांना त्याची दखलच नाही. पहाऱ्यावरचे डोळे उघडे ठेवून आंधळे आहेत आणि डोळे मिटलेल्यालाच संदेश मिळतोय. हे कळायला कुठलंही पुस्तक लागत नाही, नजरांची यादी पुरते.

पडताळा: एकच माणूस दोनदा तर नाही ना आला? व्हॅटिकनमध्ये राफाएलने संत पीटरच्या तुरुंगातून सुटकेचं भित्तिचित्र (१५१४) केलं. मध्ये गजांपलीकडे देवदूत झोपलेल्या पीटरला उठवतोय आणि उजवीकडे तोच देवदूत त्याच पीटरला बाहेर नेतोय. वेगळे मानलेत तर कथाच मोडते. शिवाय या प्रसंगात गंमत अशी की बायबलनुसार सुटका खरी होती आणि पीटरलाच वाटत होतं की आपल्याला भास होतोय.

## टप्पा ४: दिसतंय कोणाला?

झोपलेला आणि पाहणारा एकच असतो, हे आपलं गृहीतक. ते तपासा.

मान्तेन्याने गेथसेमनीचा प्रसंग रंगवला (१४५५ च्या सुमारास, लंडन). पुढे तीन शिष्य वेडेवाकडे पसरून झोपलेत. वर ढगावर छोटे देवदूत क्रूस आणि छळाची इतर साधनं घेऊन उभे आहेत. घाईत लिहिणारा म्हणतो, ‘शिष्यांना येशूच्या मरणाचं स्वप्न पडतंय.’ पण देवदूतांसमोर गुडघे टेकून येशू आहे आणि तो जागा आहे. दर्शन त्याचं आहे. शिष्यांना ना देवदूत दिसतात, ना उजवीकडून विश्वासघातकी शिष्य जूडासबरोबर येणारे सैनिक. या चित्रात झोप म्हणजे न दिसणं.

पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या सान्सेपोल्क्रोमधल्या ‘पुनरुत्थान’ चित्रातही तसंच आहे. चार पहारेकरी झोपलेत, येशू कबरीच्या काठावर पाय ठेवून सरळ समोर बघतो. त्याला पाहणारे फक्त आपण.

चार शक्यता धरा: झोपलेल्याला दिसतंय, दुसऱ्या जाग्या पात्राला दिसतंय, फक्त प्रेक्षकाला दिसतंय, किंवा हे ‘दिसणं’ नाहीच, प्रत्यक्ष घडतंय. प्रत्येक अलौकिक आकृतीसमोर यातला एक पर्याय लिहा. एकाच चित्रात दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात.

## टप्पा ५: झोप आणि स्वप्न यांच्यामधली रेघ शोधा

मुख्य काम इथे आहे. चित्रकाराची अडचण साधी होती: झोपलेला माणूस बाहेरून दिसतो आणि त्याचं स्वप्न आतून. दोन्ही एकाच सपाट पृष्ठभागावर कसं दाखवायचं? प्रत्येकाने वेगळा मार्ग काढला. रेघ कुठे ओढली आहे हे सापडलं की चित्र निम्मं उलगडतं.

क. अर्धं-अर्धं. असिसीच्या वरच्या चर्चमध्ये, जोत्तोच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या भित्तिचित्रांत, पोप तिसऱ्या इनोसंटचं स्वप्न आहे. एका बाजूला पोप पलंगावर, दुसऱ्या बाजूला कलणाऱ्या लॅटरन चर्चला खांदा देणारा संत फ्रान्सिस. रेघ उभी आणि ठळक आहे. काळाने हे थोडं आधीचं, पण सरावाला उत्तम.

ख. वर्तुळ. राफाएलच्या देखरेखीखाली व्हॅटिकनच्या लोज्जात, म्हणजे कमानींच्या सज्जात, बायबलमधल्या जोसेफच्या कथा रंगवल्या गेल्या. जोसेफ भावांना स्वप्नं सांगतो तेव्हा ती आकाशात दोन गोलांमध्ये दिसतात. इजिप्तच्या राजाच्या, फेरोच्या, स्वप्नांचंही तसंच. नीट बघा, इथे कोणी झोपलेलंच नाही! ही सांगितली जाणारी, उलगडली जाणारी स्वप्नं आहेत. गोल म्हणजे ‘हे बोलण्यातलं आहे’ अशी खूण.

ग. खिडकी. वेरोनेझेची संत हेलेना (साधारण १५७०, लंडन) खिडकीशी बसल्या बसल्या, हातावर डोकं टेकून झोपली आहे. बाहेरच्या आकाशात दोन बालदेवदूत क्रूस घेऊन चाललेत. रेघ म्हणजे खिडकीची चौकट. आत शरीर, बाहेर दर्शन.

घ. उजेड. पिएरोच्या कॉन्स्टंटाइनमध्ये ना चौकट, ना ढग, ना गोल. देवदूत त्याच हवेत आहे जिच्यात तंबू आहे. वेगळा आहे तो फक्त उजेड. रात्रीचं दृश्य आणि त्यात वरून डावीकडून आलेला झोत. आता तयारीतली ‘जागा’ आठवा: हे चित्र वेदीमागच्या भिंतीवर, खिडकीच्या उजवीकडे आहे. म्हणजे चर्चमधला खरा उजेडही त्याला डावीकडूनच येतो. शेजारच्या भिंतीवर पुढचा प्रसंग: कॉन्स्टंटाइन छोटा पांढरा क्रूस पुढे धरून शत्रूला पळवून लावतोय. स्वप्नाचा पुरावा पुढच्या भिंतीवर ठेवलाय. एकच चौकट कापून पुस्तकात छापली की हे हरवतं.

ङ. रेघच नाही. राफाएलचा छोटा सरदार. मधोमध लॉरेलचं बारीक झाड, त्याखाली ढालीवर रेलून झोपलेला तरुण. डावीकडे तलवार आणि पुस्तक घेतलेली स्त्री, उजवीकडे फुलांची डहाळी घेतलेली. दोघी त्याच जमिनीवर उभ्या आहेत, त्याच उजेडात, तितक्याच ठाशीव. ‘या दोघी खऱ्या की स्वप्नातल्या?’ याचं उत्तर चित्र देत नाही आणि द्यायची त्याला गरजही वाटत नाही. इथे रेघ शोधण्याचा हट्ट सोडा. त्याऐवजी झाड काय विभागतं ते बघा: डावीकडे मागे खडकावरचा गड आणि चढाची वाट, उजवीकडे मोकळं, सपाट, पाण्याचं खोरं. विभागणी झोप आणि स्वप्न यांची नाही, दोन जगण्यांची आहे.

च. झोपणाराच गायब. ड्यूररने १५२५ च्या जूनमध्ये एका रात्री स्वप्नात आकाशातून पाण्याचे प्रचंड लोट कोसळताना पाहिले आणि थरथरत जागा झाला. सकाळी उठून त्याने ते जलरंगात उतरवलं आणि खाली स्वतःच्या हाताने हकिगत लिहिली. हा कागद आज व्हिएन्नात आहे. त्यात पलंग नाही, माणूस नाही, देवदूत नाही. नुसता मैदानी मुलूख आणि त्यावर उतरणारा निळसर स्तंभ. आपण स्वप्न बघणाऱ्याच्या डोळ्यांमागे उभे आहोत. त्या काळात असं दुसरं उदाहरण सापडणं कठीण, म्हणून ड्यूररच्या या कागदावरून ‘रेनेसाँचे चित्रकार स्वतःची स्वप्नं रंगवत’ असा नियम काढू नका. बाकीचे जवळजवळ सगळे कथेतल्या दुसऱ्या कोणाची तरी, ठरलेली स्वप्नं रंगवत होते.

> सावध: धूसर, तरंगतं, विचित्र दिसतं तेच स्वप्न, ही समजूत आपल्याकडे सिनेमाने आणि सर्रिअलिझमने, म्हणजे विसाव्या शतकातल्या स्वप्नवत चित्रांच्या पंथाने, आणली. रेनेसाँचं स्वप्न बहुधा स्वच्छ, टोकदार आणि पूर्ण प्रकाशात असतं. ज्याला देव बोलावतो त्याला स्पष्ट दिसतं.

पडताळा: एका वाक्यात लिहा, ‘या चित्रात स्वप्न … ने वेगळं केलं आहे.’ गाळलेली जागा भरता येत नसेल तर दोनच कारणं असतात. एक तर ते स्वप्नच नाही, नाही तर ‘ङ’ प्रकार आहे.

## टप्पा ६: वस्तूंची यादी

आता कुठे वस्तूंकडे वळायचं. झोपेच्या चित्रांत वारंवार येणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत: घुबड, अफूचं बोंड, मुखवटे, चंद्रकोर. फ्लोरेन्सच्या सान लोरेन्झोमधल्या मिकेलँजेलोच्या ‘रात्र’ या मूर्तीवर चारही सापडतात, म्हणून ती पाठ करून ठेवायला सोयीची. मुखवटा म्हणजे फसवं स्वप्न, हा संकेत मिकेलँजेलोच्या ‘स्वप्न’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेखाचित्रातही आहे (साधारण १५३३, लंडनचं कोर्टोल्ड). तिथे तरुण मुखवट्यांनी भरलेल्या पेटीवर बसलाय.

ड्यूररच्या साधारण १४९८ च्या एका कोरीव मुद्राचित्रात एक पुरुष खोली तापवणाऱ्या भट्टीशी उशीवर डोकं टाकून झोपलाय आणि सैतान भात्याने त्याच्या कानात हवा भरतोय. समोर विवस्त्र व्हीनस. भाता दिसला की प्रश्न मिटतो: हे स्वप्न बाहेरून भरलंय, आणि भरणारा कोण तेही दाखवलंय.

> सावध: घुबड म्हणजे अमुक, कुत्रा म्हणजे तमुक असे तयार तक्ते वापरू नका. वस्तू ज्या झोपेच्या जातीबरोबर आली आहे त्यावर तिचा अर्थ ठरतो. पिएरो दि कोसिमोच्या मृत तरुणीजवळचा कुत्रा आणि उर्सुलाच्या पलंगाशी असलेला कुत्रा एकाच ओळीत बसत नाहीत.

## टप्पा ७: आता अर्थ

पहिला प्रश्न: स्वप्न पाठवलं कोणी? त्या काळच्या सुशिक्षितांना पाचव्या शतकाच्या आसपासच्या माक्रोबियस या लॅटिन लेखकाची वर्गवारी परिचित होती. त्याने स्वप्नांचे पाच प्रकार केले. तीन अर्थ असलेले: गूढ, भविष्य दाखवणारं, आणि पूज्य व्यक्ती येऊन सांगते ते. दोन निरर्थक: दिवसाच्या काळजीतून किंवा भरल्या पोटामुळे पडणारं, आणि अर्धवट झोपेतला भास. म्हणजे स्वप्न देवाकडून येई, सैतानाकडून येई किंवा पोटातून येई. दडपलेल्या मनातून येतं ही कल्पना त्यांच्याकडे आजच्या अर्थाने नव्हती. फ्रॉइडचं वाचन करायला कुणाची हरकत नाही, पण ते ‘चित्रकाराने दाखवलंय’ म्हणून लिहू नका, ‘मला आज असं दिसतं’ म्हणून लिहा.

दुसरा प्रश्न: त्या वर्षी आसपास काय चाललं होतं? ड्यूररच्या पाण्याच्या स्वप्नाआधी, १५२४ मध्ये महापूर येणार अशी भाकितं ज्योतिषांनी जर्मन मुलखात छापून पसरवली होती. एवढी एक माहिती चित्राला जमिनीवर आणते.

तिसरा प्रश्न: चित्राला एकच उत्तर हवंय का? राफाएलच्या सरदाराला तलवार-पुस्तक आणि फूल यांतलं एक निवडायचंय, असं सरसकट लिहिलं जातं. पण दोन्ही स्त्रिया सारख्याच शांत आहेत, कोणीही मोहिनी वाटावी अशी रंगवलेली नाही. तलवार, पुस्तक, फूल ही तिन्ही त्याला मिळून दिली जात आहेत, हे वाचन मला जास्त पटतं.

## सगळे टप्पे एका चित्रावर: कार्पाच्चोची उर्सुला

*तयारी:* उर्सुलाच्या कथेच्या नऊ कॅनव्हासांपैकी एक. ती राजकन्या, यात्रेला निघणार आणि मारली जाणार. *टप्पा १:* डोळे मिटलेले, तळहात गालाखाली, पांघरूण नीट. झोप. *टप्पा २:* ना दमणूक, ना दारू. दर्शनाची झोप, मरणाच्या चाहुलीसकट. *टप्पा ३:* जागं कोण? देवदूत आणि पलंगाशी लहानसा कुत्रा. कुत्रा भुंकत नाही, उठतही नाही. घरात परका आला आहे आणि कुत्र्याला ते जाणवलेलं नाही. *टप्पा ४:* दिसतंय उर्सुलाला. आपणही बघतोय.

*टप्पा ५* इथे रंगतदार आहे. देवदूत ढगातून येत नाही, उजवीकडच्या दाराने चालत येतो. त्याच्यासोबत पहाटेसारखा उजेड जमिनीवर सांडतो. रेघ म्हणजे उंबरठा. त्याच्या अलीकडे खोली इतकी नेमकी रंगवली आहे की आपण राहून आल्यासारखे वाटतो: पलंगाखाली काढून ठेवलेल्या खडावा, पायथ्याशी मुकुट, खिडकीत दोन कुंड्या, मेजावर पुस्तक. स्वप्नातला पाहुणा आणि खडावा यांना एकाच हाताने, एकाच ठाशीवपणे रंगवलंय. त्यामुळे तो खरोखर आला होता की काय, हा संशय चित्रच पेरतं.

*टप्पा ६:* देवदूताच्या हातात ताडाची फांदी, म्हणजे हौतात्म्य. कुंड्यांत एकीकडे मर्टल, दुसरीकडे कार्नेशन: लग्नाच्या खुणा. उशीच्या गोंड्यावर ‘इन्फान्तिया’, बालपण. पलंग दोघांचा, अर्धा रिकामा. *टप्पा ७:* पाठवणारा देव, प्रकार भविष्य दाखवणारा. लग्नाच्या तयारीत असलेल्या खोलीत मरणाचं आमंत्रण येतं आणि मुलगी कूसही बदलत नाही.

बघा, ‘मुकुट काढून ठेवलाय म्हणजे अमुक’ हे आपण शेवटी आलो तेव्हा सोपं झालं. पहिल्या मिनिटाला मुकुटापासून सुरुवात केली असती तर दार दिसलंच नसतं.

## सरावाचा क्रम

सोप्याकडून अवघडाकडे जा. आधी असिसीतला इनोसंट, कारण रेघ समोर आहे. मग पिएरोचा कॉन्स्टंटाइन. तिसरं मान्तेन्याचं गेथसेमनीच्या बागेचं चित्र, टप्पा ४ साठी. चौथं बोत्तिचेल्ली, ‘इथे स्वप्न नाही’ असं ठामपणे लिहायची सवय लागावी म्हणून. मग राफाएलचा सरदार.

मिकेलँजेलोचं ‘स्वप्न’ सगळ्यात शेवटी ठेवा. त्यात तरुण पृथ्वीच्या गोलावर रेललाय, भोवती अर्धवर्तुळात खादाडपणा, वासना, लोभ, राग विरत चाललेल्या रेषांत तरंगताहेत आणि वरून आलेली पंखधारी आकृती त्याच्या कपाळाशी तुतारी लावून फुंकतेय. इथे टप्पा १ च अडतो. डोळे उघडे आहेत, म्हणजे तो झोपलेला नाही, जागा होतोय. त्यामुळे भोवतीचं सगळं येणारं स्वप्न धरायचं की उतरणारं, हे ठरवल्याशिवाय टप्पा ५ सुरू करता येत नाही. पेन्सिल घ्या आणि रेषा कुठे गडद, कुठे पुसट आहेत ते आधी कागदावर नोंदवा.